कोकणातल्या घराला खिडक्या बसवताय? या चुका टाळा

गावाला घर बांधायचं आणि खिडक्या मात्र मुंबई-पुण्याच्या माणसाकडून बसवून घ्यायच्या, हे आता रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात बरंच दिसतं. शोरूममध्ये सॅम्पल बघितलेलं असतं, स्लाइडिंग एका बोटाने सरकते, रेटही जमतो. मे महिन्यात सगळे येऊन राहून जातात, कौतुक होतं, आणि जूनच्या मध्यावर शेजारच्या काकूंचा फोन येतो की अहो तुमच्या हॉलमध्ये पाणी आलंय. गंमत अशी की खिडकी बहुतेक वेळा चांगलीच असते. पाणी येतं ते खिडकी आणि भिंत यांच्या मधल्या अर्ध्या इंचातून, आणि तो अर्धा इंच कसा भरायचा ते तिथली भिंत आणि तिथला पाऊस बघितलेल्या माणसालाच कळतं.

झड कुठून येते हे न विचारता ऑर्डर देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३००० च्या वर, पण खरा फरक आकड्यापेक्षा झडीचा आहे. इथे पाऊस वरून कमी आणि पश्चिम-नैर्ऋत्येकडून आडवा जास्त येतो. इथला मेस्त्री प्लॉटवर उभा राहून आधी हेच विचारेल, की समुद्राच्या अंगाला काय आहे, झाडं आहेत का मोकळं आहे. वाऱ्याचं पण तसंच. इमारतींच्या डिझाइनसाठी आपल्याकडे जे मानक वापरतात, आयएस ८७५ चा भाग ३, त्यात वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर धरलाय आणि किनाऱ्यावरच्या मुंबईला ४४, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे फरक सव्वापटीच्या वर गेला. पुण्यात चालणारं हलकं सेक्शन, म्हणजे चौकटीची पट्टी किंवा प्रोफाइल, उचलून समुद्राकडे तोंड करून बसवलं की मधली पट्टी वाऱ्याने वाकते आणि पल्ल्याच्या कडेला लावलेल्या ब्रशच्या फटीतून पाणी आत. त्यामुळे झडीच्या बाजूला शक्यतो स्लाइडिंग घेऊच नका, बिजागरीवर बाहेर उघडणारी केसमेंट घ्या, तिच्यावर वारा आदळला की ती रबरावर अजून घट्ट बसते. आणि छज्जा दीड-दोन फूट तरी हवा, एलिव्हेशन सपाट छान दिसतं म्हणून छज्जे उडवणारे आर्किटेक्ट एकदा जुलैत इथे आणून ठेवले पाहिजेत. जुन्या घरांना पडवी का होती आणि आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी पश्चिमेला विणलेल्या झावळ्यांची झापं का बांधायचे, त्याचं उत्तर पण हेच.

दुसरी मोठी भानगड चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीची. शहरातल्या फिटरला काँक्रीट किंवा ब्लॉकची सवय, तो चिऱ्यात ड्रिल मारतो, प्लग ठोकतो, स्क्रू आवळतो आणि पुढे निघतो. चिरा सच्छिद्र आणि मऊ, भोकातून लाल भुगा पडत राहतो, प्लग आतल्या आत फिरतो, आणि एका पावसाळ्यात चौकट हलायला लागते. जाणता माणूस भिंत चढतानाच सांगून ठेवतो की खिडकीच्या चारी बाजूंना, निदान जिथे फास्टनर येणार तिथे तरी, काँक्रीट भरून घ्या. भिंती बाहेरून उघड्या चिऱ्याच्या ठेवायच्या असतील तरी खिडकीच्या आतल्या कडांना सिमेंटचा गिलावा हवाच, कारण धुळकट चिऱ्यावर सिलिकॉन मारलं की ते नखाने सोलून निघतं. सिलिकॉन पण कुठलंही नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिडिक, सिमेंटशी त्याचं पटत नाही, भिंतीच्या जोडाला न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या, थोडं महाग असतं पण घ्या.

माप ड्रॉइंगवरून देऊ नका. गिलावा झाल्यावर रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण मोजायचे, चिऱ्याच्या भिंतीत खिडकीसाठी सोडलेली जागा कधीच काटकोनात नसते. ड्रॉइंगच्या मापाने आलेल्या खिडकीभोवती एका बाजूला दीड इंच फट राहते आणि मग ती पीओपीने भरतात!! पीओपी, कोकणातल्या पावसात, बाहेरच्या बाजूला. काय बोलायचं.

उंबऱ्याचा, म्हणजे खालच्या ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा उतार बाहेर आहे का ते फिटिंगच्या आधी स्वतः बघा. तांब्याभर पाणी ओता. ते सरळ बाहेर पळालं पाहिजे, थांबलं किंवा आत वळलं तर दगड काढून परत बसवायला लावा, फिटर कितीही म्हणाला की वरून सिलिकॉन मारतो तरी. दगड भिंतीच्या बाहेर इंचभर आलेला हवा आणि त्याच्या पोटाला एक खाच मारलेली हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो, नाहीतर दगडाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीत जातो. खाचेचं काम कटर मशीनने दहा मिनिटांचं आहे पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

खाऱ्या वाऱ्याचं थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमवरचं पावडर कोटिंग वरून छान असतं, गंज धरतो तो कापलेल्या टोकांना आणि भोकांना, तिथे पांढरी भुकटी दिसायला लागते. साधे लोखंडी स्क्रू असतील तर पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ओघळ. समुद्राजवळ स्टेनलेस ३१६ मागा, ३०४ तिथे डागाळतं. सागवानी खिडक्या करणार असाल तर मेमध्ये अगदी फिट बसवून घेऊ नका, पावसाळ्यात फुगतात, इथला सुतार ती फट आधीच ठेवतो. आणि माकडांसाठी ग्रिल लागणारच आहे, ते आधीच ठरवा, नाहीतर नंतर ग्रिलवाला येऊन नव्या सीलमधूनच भोकं पाडून जातो.

आता पाणी येतच असेल तर आधी कुठून येतंय ते शोधा. ट्रॅक भरून आत सांडत असेल तर बहुतेक पाणी जायची भोकं बुजलीत, सिमेंटने, रंगाने, किंवा कुंभारीण माशीने माती भरलेली असते, तारेने मोकळी करा, बऱ्याच घरांत एवढ्यावर भागतं. उंबऱ्याच्या खाली भिंतीला ओल असेल तर जोड किंवा उतार चुकलाय. वरच्या कोपऱ्यातून येत असेल तर खिडकीवाल्याशी भांडू नका, ते छज्जा किंवा लिंटेलचं, म्हणजे खिडकीवरच्या बीमचं काम आहे. खात्री करायला पाऊस थांबल्यावर पाइपने पाणी मारा, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, एकेका जागी पाच-दहा मिनिटं, वरून मारलं तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही.

जुलैत ओल्या भिंतीवर सिलिकॉन मारून घेऊ नका, धरतच नाही. तेवढ्यापुरतं बाहेरून ताडपत्री लावा, ओलीचे फोटो काढून ठेवा आणि दुरुस्ती भिंत सुकल्यावर, दिवाळीच्या आसपास करा.

स्थानिक म्हणजे कोणीही असं नाही हां, हातात ग्राइंडर आहे म्हणून फॅब्रिकेटर झालेले इथेही आहेत. चार-पाच पावसाळे खाल्लेली, समुद्राकडे तोंड असलेली त्याने बसवलेली एखादी खिडकी दाखवायला सांगा, आणि घरमालकाशी तो समोर नसताना बोला. प्रोफाइल आणि काच हवं तर पुण्याहून मागवा, त्यात वाईट काही नाही, बसवणारा मात्र असा हवा जो फोन केल्यावर भर पावसात दुपारपर्यंत येऊ शकेल. वॉरंटी प्रोफाइलची वेगळी आणि फिटिंगची वेगळी लिहून घ्या, कारण गळती लागली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि दहा टक्के पैसे ऑगस्टपर्यंत हातात ठेवा, हे बोलणं ॲडव्हान्स देतानाच करायचं, काम झाल्यावर कोणी ऐकत नाही.