पिकअपच्या हौद्याला लायनर लावताय? आधी पाण्याचा विचार करा, आणि या चुका टाळा

पिकअपला लायनर, म्हणजे मालाच्या हौद्याच्या आत बसणारं संरक्षक अस्तर, घ्यायचा म्हटलं की डोळ्यांपुढे ओरखडे येतात. खडी ओतली, पाइप ओढले, फावड्याने वाळू खरवडली, की रंग गेलाच. म्हणून आपण जाडी विचारतो, कडकपणा विचारतो आणि सगळ्यात दणकट दिसेल तो लायनर बसवून घेतो. पण नुसत्या ओरखड्याने हौदा जात नाही. हौदा जातो पाण्याने. ओरखडा पाण्याला पत्र्यापर्यंत वाट करून देतो एवढंच. लायनर निवडताना मार किती बसणार हे जसं बघायचं, तसं हौद्यात आलेलं पाणी कुठून बाहेर पडणार हेही बघायचं. पुढच्या बहुतेक चुका ही दुसरी गोष्ट न बघितल्यामुळे होतात.

आयता लायनर बसवला आणि विसरलो

आमच्या जुन्या पिकअपला साच्यातून काढलेला आयता प्लास्टिकचा लायनर होता. सहा वर्षं तो जागचा हलवला नव्हता. एक दिवस फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या उघडणाऱ्या दाराच्या) बिजागरीजवळ रंगाचे फुगे दिसले, म्हणून बोल्ट काढून लायनर उचलला. खाली चिखलाचा थर होता, आणि पाऊस थांबून कित्येक आठवडे झाले तरी तो ओलाच होता. लायनरच्या खालच्या पन्हळी जिथे जिथे पत्र्यावर टेकत होत्या, तिथे रंग रेघारेघांनी घासून गेला होता. काही रेघा चकचकीत उघड्या पत्र्याच्या, काही तांबड्या. एका कोपऱ्यात पेचकसाचं टोक टेकवलं तर ते आरपार गेलं. वरून लायनर मात्र नव्यासारखा दिसत होता. तेव्हा फार वाईट वाटलं, कारण यातलं सगळं टाळता आलं असतं.

आयता लायनर पत्र्याला चिकटलेला नसतो. तो हौद्याच्या आकाराचा एक मोठा ट्रे असतो, बहुतेक वेळा उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचा. गाडी चालताना तो थरथरतो. शिवाय उन्हात हे प्लास्टिक पोलादाच्या साधारण दहापट पसरतं. दोन मीटर लांबीचा लायनर ४० अंशांनी तापला तर सेंटीमीटरभर वाढतो, पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. रोजची ही सरकासरक आणि मध्ये अडकलेली बारीक रेती मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. पाणी आत शिरतं ते कडेच्या फटीतून, पण ऊन आणि वारा आत पोचत नाही, त्यामुळे ओल सुकत नाही.

म्हणून आयता लायनर घेऊच नये असं मी म्हणणार नाही. दगड, विटा, लोखंडी सामान वरून टाकलं जात असेल तर पातळ कोटिंगपेक्षा हा ट्रे मार चांगला झेलतो, कारण धक्का एका ठिकाणी न बसता पसरतो आणि पत्र्याला पोचे कमी पडतात. तो काढता येतो हा त्याचा मोठा गुण आहे, आणि तोच आपण वापरत नाही. वर्षातून दोनदा, त्यातली एक वेळ पावसाळ्यानंतर, तो काढून हौदा धुवा. तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. रंग घासला असेल तिथे प्रायमर आणि रंग लावा आणि पत्रा कोरडा ठणठणीत झाल्यावरच लायनर परत बसवा. घेतानाच एक विचारून ठेवा: हा कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागीच बसतो, की पत्र्याला नवी भोकं पाडावी लागतात? भोकं पाडावीच लागली तर त्यांच्या कच्च्या कडांना तिथल्या तिथे प्रायमर लागला पाहिजे. गंजाची सुरुवात नेमकी अशाच कडांपासून होते.

हे प्लास्टिक गुळगुळीत असतं, हेही लक्षात ठेवा. न बांधलेली पेटी वळणावर या बाजूची त्या बाजूला जाते. बांधायचे हूक लायनरखाली झाकले जात असतील तर तो लायनर कितीही चांगला असला तरी घेऊ नका.

गंजावरच स्प्रे मारून घेणं

स्प्रेचा लायनर, म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया गरम करून मोठ्या दाबाने थेट पत्र्यावर मारलेलं कोटिंग. नीट चिकटलं तर त्याच्याखाली पाणी जातच नाही, आणि म्हणून गंजाविरुद्ध मला हाच सगळ्यात भरवशाचा वाटतो. पण सगळा भरवसा त्या 'नीट चिकटलं तर' वर आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थोडाफार गंज आहे, वरून कोटिंग मारलं की थांबेल, असं धरून चालणं. तो थांबत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो वाढेल तसा कोटिंगला खालून उचलतो. आधी बोटाला जाणवेल न जाणवेल असा फुगवटा येतो, मग तिथला थर पोकळ वाजतो आणि एक दिवस हाताएवढा तुकडा सोलून येतो. त्याच्या मागच्या बाजूला तांबडी पूड चिकटलेली असते. गंज दिसला तर तो चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासायचा, आरपार भोक असेल तर वेल्डिंग करून घ्यायचं, इपॉक्सी प्रायमर द्यायचा आणि मगच कोटिंग.

दुसरी चूक तयारीच्या क्रमाची. आधी तेलकटपणा धुवायचा आणि नंतर पॉलिश पेपर मारायचा. उलटं केलं तर तेल घासून ओरखड्यांच्या आत बसतं. पत्रा खरंच स्वच्छ झाला का हे बघायची एक सोपी रीत आहे, आणि ती मी कुणालाही सांगतो: धुतलेल्या पत्र्यावर साधं पाणी सोडा. पाणी सलग पडद्यासारखं पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. पाणी तुटून त्याचे थेंब झाले, तर तिथे अजून तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे. टायर चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन या कामाचं शत्रू आहे. हौद्यात कधी ते सांडलं असेल तर काम करणाऱ्याला आवर्जून सांगा.

पत्र्यावर दव धरत असेल अशा वेळी कोटिंग मारू नये. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंश वर असावं, असा रंगकामातला जुना दंडक आहे. नुकत्याच रंगवलेल्या हौद्यावरही घाई नको. खालचा रंग पूर्ण पक्का झाला नसेल तर वरचं कोटिंग त्यालाच घेऊन निघतं.

काम द्यायच्या आधी पॉलियुरिया की पॉलियुरेथेन यावर डोकं खपवण्यापेक्षा तयारीबद्दल विचारा. पॉलियुरिया काही सेकंदांत घट्ट होतं आणि ओलाव्याला कमी दाद देतं, पॉलियुरेथेनला थोडा वेळ लागतो. दोन्ही चांगली टिकतात. हूक आणि बोल्ट काढून काम करणार की त्यांच्यावरूनच फवारणार, पाणी जायची भोकं बंद होणार नाहीत ना, आणि तळाला थर किती जाड देणार, हे मात्र नक्की विचारा. तळाला साधारण ३ मिलिमीटर हा बरा आकडा आहे, बाजूंना त्याहून कमी चालतो. बोल्टवरून फवारलं तर पुढे बोल्ट काढताना कोटिंग फाटतं आणि पाण्याला दार उघडतं.

काळा स्प्रे वर्ष-दोन वर्षांत राखाडी, खडूसारखा दिसू लागला तर घाबरू नका. ॲरोमॅटिक प्रकारच्या कोटिंगवर उन्हाचा हा परिणाम होतो. पकड गेली असा त्याचा अर्थ नाही. रंग टिकायलाच हवा असेल तर ॲलिफॅटिक प्रकारचा वरचा थर मागा. कडेने सोलायला लागलं असेल तर मात्र थांबू नका. सुटलेला भाग घट्ट जागा लागेपर्यंत कापून काढा, कड घासून उतरती करा, पत्रा स्वच्छ करा आणि त्याच जातीच्या दुरुस्तीच्या सामानाने भरा. नुसती कड चिकटवून टाकली तर आतली ओल तिथेच राहते.

डब्यातलं कोटिंग घाईत लावणं

रोलरने घरी लावायचं कोटिंग स्प्रेपेक्षा बरंच पातळ बसतं, दोन हात दिल्यावरही एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. जड माल रोज असेल तर हे पुरणार नाही, अधूनमधूनच्या कामाला पुरतं. यात रबराचे बारीक कण असतात आणि ते डब्याच्या तळाशी बसतात. न ढवळता लावलं की पहिला अर्धा हौदा गुळगुळीत आणि उरलेला खरखरीत होतो. दर थोड्या वेळाने तळापासून ढवळा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या, आणि दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेतच. वेळ टळली तर वरचा थर खालच्याला धरत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. यातल्या बऱ्याच कोटिंगमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. त्यांच्या वाफेने किंवा तुषारांनी दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की अगदी थोड्या प्रमाणातही त्रास होतो. साधा धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. डब्यावर सांगितलेला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा यांची सोय नसेल तर हे काम स्वतः करू नका.

मॅट टाकली, झालं

रबरी मॅट मला मनापासून आवडते. माल सरकत नाही, गुडघे टेकून काम करता येतं, पडलेल्या वस्तूचा मार ती गिळते. स्प्रेवर मॅट ही जोडी तर फारच चांगली. पण मॅट फक्त तळ सांभाळते, बाजू आणि चाकांवरचे उंचवटे उघडेच राहतात. खालून गुट्ट्या असलेली मॅट घ्या, म्हणजे पाण्याला वाहायला जागा मिळते. खालून सपाट मॅट ओल धरून ठेवते. आठ मिलिमीटर जाडीची पूर्ण मॅट २५-३० किलोच्या घरात जाते, त्यामुळे ती उचलून धुणं टाळलं जातं. मध्यावर कापून दोन तुकडे करून घेतले तर एकटा माणूसही उचलू शकतो. खत, मीठ किंवा जनावरं नेल्यावर ती त्याच दिवशी उचलून खालचा पत्रा धुतला पाहिजे, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

हौदा कशाचा आहे हे न बघणं

सगळे हौदे पोलादाचे नसतात. फोर्डच्या एफ-१५० चा हौदा २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा आहे, टोयोटा टाकोमाला २००५ पासून कॉम्पोझिट, म्हणजे तंतूंनी मजबूत केलेल्या प्लास्टिकचा, हौदा मिळत आला. कॉम्पोझिटला गंजाची भीतीच नाही, तिथे माल सरकू नये म्हणून मॅट पुरते. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पण त्याला पोलादी स्क्रू लावले आणि खारट पाणी साचलं तर स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी येऊन धातू खाल्ला जातो. अशा हौद्याला भोकं पाडून बसणारा लायनर मी तरी घेणार नाही.

वरून झाकायचं कव्हर घ्यायचं असेल तर तेही आधीच ठरवा. हौद्याच्या काठावर चढणारा लायनर असला तर कव्हरचे क्लॅम्प बसत नाहीत, काठाखाली थांबणारा लागतो.

लायनरवरच डबा ठेवून पेट्रोल भरणं

ही चूक जिवावर बेतू शकते. प्लास्टिकच्या लायनरवर ठेवलेल्या डब्यात पेट्रोल भरताना स्थिर वीज साठते. प्लास्टिक ती जमिनीत जाऊ देत नाही, आणि एका ठिणगीने वाफ पेटते. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये नेमका याबद्दल इशारा दिला होता. डबा खाली जमिनीवर ठेवा, पंपाचं नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं ठेवून भरा आणि मग वर चढवा. रबरी मॅट, गालिचा किंवा स्प्रे असला तरीही हेच करा.

बसवल्यानंतर, पैसे देण्याआधी

गाडी किंचित चढावर, फाळका उताराकडे करून उभी करा. फाळका उघडून पुढच्या बाजूला बादलीभर पाणी ओता. पाणी कुठून वाहतं, कुठे अडतं, तळाच्या भोकांतून बाहेर येतं का, हे खाली वाकून बघा. कुठे डबकं राहिलं तर ती जागा खडूने आखून तिथल्या तिथे दाखवा. स्प्रे असेल तर सगळ्या कडांवरून नख फिरवा, नख कुठे आत शिरता कामा नये. आयता लायनर किंवा मॅट असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोपरा उचला आणि खाली कोरडं फडकं फिरवून बघा.