बीडीएसनंतर अमेरिकेत डेंटल करायचंय? मग या चुका टाळा

बीडीएस झालं, इंटर्नशिप झाली, आता अमेरिकेत प्रॅक्टिस करायचीये, तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या की तिकडच्या बहुतेक राज्यांत नुसत्या आपल्या डिग्रीवर लायसन्स मिळत नाही, कोडाची (तिथल्या डेंटल कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या कॉलेजची डिग्री लागते. त्यासाठी बाहेर शिकलेल्या डेंटिस्टसाठीचा ॲडव्हान्स्ड स्टँडिंगचा कोर्स असतो, साधारण दोन ते तीन वर्षांचा, आणि त्याचे अर्ज कॅपिड पोर्टलवरून जातात. काहीजण चुकून ॲडसासवर प्रोफाइल बनवून बसतात, ते चार वर्षांच्या कोर्ससाठी आहे आणि तिथे डॅट परीक्षा लागते. आणि हो, सगळी कॉलेजं कॅपिडवर नाहीत, काही स्वतःच्या साइटवरच अर्ज घेतात, त्यामुळे प्रत्येक कॉलेजचं पान वेगळं वाचा.

मग नावाचा घोळ. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळाच क्रम, आणि लग्नानंतर तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं! आयएनबीडीई, म्हणजे लायसन्ससाठी लागणाऱ्या लेखी परीक्षेच्या सेंटरवर अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फीसुद्धा जाते. म्हणून आधी पासपोर्ट नीट करून घ्या, मगच त्याच नावाने डेंटपिन (परीक्षेसाठी आणि अर्जासाठी लागणारा तुमचा नंबर) काढा, आणि जुन्या-नव्या नावाचा पुरावा इव्हॅल्युएशनच्या, म्हणजे आपले मार्क तिकडच्या पद्धतीत तपासून घ्यायच्या, कागदांसोबत जोडा. युनिव्हर्सिटीतून ट्रान्स्क्रिप्ट निघायला वेळ लागतो, तिकडून इव्हॅल्युएशनला आणखी वेळ, त्यामुळे हे काम अभ्यास सुरू करायच्या आधी मार्गी लावा, नंतर नाही. इव्हॅल्युएशन करणाऱ्या संस्थांपैकी कुठल्या कॉलेजला इसीईचं चालतं, कुठे डब्ल्यूईएसचं, तेही आधीच बघून ठेवा.

आयएनबीडीई दोन दिवसांची, ५०० प्रश्नांची परीक्षा आहे आणि निकाल फक्त पास किंवा फेल. तरी मुलं दीड-दोन वर्षं तेच ते वाचत बसतात, अजून तयारी नाही झाली म्हणत तारीख पुढे ढकलतात. पास झालेल्याला मार्क दाखवतच नाहीत हो, मग टॉपर व्हायचा हट्ट कशाला? आणि दुसरं टोक म्हणजे बघू तरी काय येतं म्हणून देऊन येणं, तेही नको, कारण पाच वर्षं किंवा पाच प्रयत्न, जे आधी संपेल तेवढ्यातच पास व्हावं लागतं. टोफेलचा स्कोअर दोन वर्षांनी बाद होतो, त्यामुळे तो सगळ्यात आधी देऊन टाकू नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते हाताच्या कामाकडे, आणि चांगले चांगले कँडिडेट इथेच बाहेर पडतात. बऱ्याच कॉलेजांत इंटरव्ह्यूसोबत बेंच टेस्ट असते, टायपोडाँटवर, म्हणजे नकली दातांच्या मॉडेलवर, क्राउन प्रेप (कॅप बसवायला दात घासणं), क्लास टू कॅव्हिटी वगैरे. इंटरव्ह्यू कॉल आल्यावर दोन आठवडे प्रॅक्टिस करून हे जमत नाही. शेजारच्या दाताला बर (ड्रिलचं टोक) लागला, टेपर म्हणजे भिंतींचा उतार जास्त झाला, अंडरकट राहिला, की मार्क गेले. त्यात दातांचं नंबरिंग वेगळं! आपण एफडीआय शिकलो, तिकडे युनिव्हर्सल चालतं. एफडीआयमध्ये १४ म्हणजे वरचा उजवा पहिला प्रीमोलर, युनिव्हर्सलमध्ये १४ म्हणजे वरचा डावा पहिला मोलर. घाईत चुकीचा दात कापला तर प्रेप कितीही सुंदर असली तरी उपयोग नाही. रोजच्या प्रॅक्टिसमध्ये युनिव्हर्सल नंबरच लिहा, म्हणजे टेस्टमध्ये विचार करावा लागणार नाही. आणि ठरलेल्या वेळेत, घड्याळ लावून करा.

आता एमपीएच, म्हणजे पब्लिक हेल्थची मास्टर्स डिग्री. कोणीतरी सांगतं की आधी एमपीएच कर मग ॲडमिशन सोपी जाते, आणि मुलं फक्त तेवढ्यासाठी मोठं कर्ज काढून जातात. मला हे मनापासून पटत नाही. पब्लिक हेल्थची आवड असेल तर जरूर करा, पण नुसतं प्रोफाइल भरायला एवढा खर्च करण्याआधी तेवढेच महिने आपल्याकडे क्लिनिकमध्ये पेशंट करा, चांगल्या हाताखाली काम करा. शिफारसपत्रही अशाच माणसाकडून घ्या ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय, हेडचं पद मोठं असून उपयोग नाही जर पत्रात फक्त हुशार आणि कष्टाळू एवढंच असेल.

दोन-तीन ऑफर आल्या की डीडीएस डिग्री चांगली की डीएमडी यावर घरात चर्चा सुरू होते. दोन्ही एकच आहे. बाल्टिमोरचं कॉलेज १८४० चं, त्यांनी डीडीएस सुरू केलं, हार्वर्डने १८६७ ला डेंटल स्कूल काढल्यावर डीएमडी नाव ठेवलं, लायसन्सला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो पैशाने. खाजगी कॉलेजांत वर्षाची नुसती ट्यूशन एक लाख डॉलरच्या आसपास जाते, त्यावर इन्स्ट्रुमेंट, इन्शुरन्स, भाडं वेगळं, म्हणून नेहमी पूर्ण कोर्सचा एकूण खर्च मांडा, दोन वर्षांचा आणि तीन वर्षांचा शेजारी शेजारी ठेवून, कारण जास्तीच्या वर्षात तुमची कमाईही बुडते. एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर तिथलं सरकारी कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना मिळतं, पण १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद आणि अशा कोर्सला वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा, म्हणजे उरलेले कुठून आणणार हे ऑफर स्वीकारायच्या आधी ठरवा.

नावाच्या मागे जाण्याआधी तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा, पेशंट कितव्या महिन्यात मिळतात, रिक्वायरमेंट (कोर्समध्ये कराव्या लागणाऱ्या ठरलेल्या केसेस) पूर्ण करायला स्वतः पेशंट शोधावे लागतात का, आणि किती जणांचा कोर्स लांबला. सीट डिपॉझिट बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही, तेव्हा ही उत्तरं डिपॉझिटच्या तारखेआधी हातात हवीत.