पत्नीच्या खुनाचा आळ: खटल्याचे कागद कसे तपासावेत

निकालपत्र आधी वाचू नका, त्यातली गोष्ट डोक्यात बसते. कोऱ्या कागदावर वेळा मांडा: ती शेवटची जिवंत कधी दिसली, नवरा कधी बाहेर पडला, मृतदेह कधी सापडला. प्रत्येक वेळेपुढे ती कोणी सांगितली तेही लिहा.

मृत्यूची वेळ पोटातल्या अन्नावरून काढली असेल, तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. पचनाचा वेग माणसागणिक, जेवणागणिक बदलतो. टेक्सासमधल्या मायकेल मॉर्टनला १९८७ मध्ये जन्मठेप झाली, तेव्हा असाच अंदाज त्याच्याविरुद्ध वापरला गेला.

नवरा रडला की नाही, हा पुरावा नव्हे. ते सोडून द्या.

खरी मेहनत कोर्टापुढे न आलेल्या कागदांवर घ्या. पोलिसांच्या मूळ नोंदी मागवा आणि बचाव पक्षाला काय मिळालं त्याच्याशी एकेक ताडून बघा. मॉर्टनच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं, की बाबा घरी नव्हते. शेजाऱ्यांनी हिरवी व्हॅन पाहिली होती. हे पोलिसांच्या नोंदींत होतं, वकिलांच्या हाती मात्र आलं नाही.

शेवटी जप्त वस्तूंची यादी घ्या आणि चाचणी न झालेल्यांवर खूण करा. वस्तू आज कुठे आहे, सील शाबूत आहे का, हे लेखी विचारा; ती नष्ट झाली तर चाचणीचा मार्गच बंद होतो. घराजवळच्या बांधकामावर सापडलेल्या रुमालावर डीएनए चाचणीत मॉर्टनच्या पत्नीचं रक्त आणि परक्या पुरुषाचा डीएनए निघाला. २०११ मध्ये, जवळपास २५ वर्षांनी, मॉर्टन सुटला.