मोठं दान आलं की आधी काय करायचं

मंडळीला, म्हणजे चर्चला, किंवा एखाद्या सेवाकार्याला एकदम मोठी रक्कम मिळाली की पहिले काही दिवस सगळेच आनंदात असतात, कोणी म्हणतं साउंड सिस्टीम घेऊ, कोणी म्हणतं हॉल वाढवू, आणि पाळकांच्या (पास्टरांच्या) मनात तर कित्येक वर्षांची यादी तयारच असते. मला विचाराल तर हेच दिवस सगळ्यात जपायचे. पैसे बँकेत भरा, पावती द्या, देणाऱ्याचे मनापासून आभार माना आणि निदान महिनाभर कशालाही शब्द देऊ नका. उत्साहाच्या भरात उपासनेत जाहीर केलेलं नंतर मागे घेणं फार जड जातं.

मग देणाऱ्यासोबत शांतपणे बसा. दान ठरावीक कामासाठी आहे की तुम्हाला योग्य वाटेल तिथे वापरायचं, हे लेखी घ्या, दोन ओळी पुरतात. पैसे पाळकांच्या हातात दिले असतील तर ते त्यांना स्वतःला की सेवेला, हेही तेव्हाच विचारून घ्या. मुलांच्या शिक्षणासाठी आलेले पैसे छप्पर गळतंय म्हणून तिकडे वळवले तर तो विश्वासघातच होतो, गरज बदलली असेल तर आधी देणाऱ्याला विचारायचं. आणि दानामागोमाग "आमच्या मुलाला कमिटीत घ्या" असं आलं तर पैसे परत करा. पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत मिळावा म्हणून शिमोन नावाच्या जादूगाराने पैसे पुढे केले तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने ते घेतले नाहीत, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ८ वाचा.

हिशोबाचं म्हणाल तर मला बायबलच्या २ राजे १२ मधली पेटी फार आवडते. योआश राजाच्या २३ व्या वर्षापर्यंत मंदिराची डागडुजी झालीच नव्हती, मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि वेदीजवळ उजव्या बाजूला ठेवली, आणि पेटीत पैसे खूप जमले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं येऊन ते मोजायचे, थैल्यांत बांधायचे. दोघं, एकटा कोणीच नाही! आपणही तेच करायचं: खात्यावर दोन सह्या, मोठ्या दानाचा हिशोब वेगळा, बाहेरच्या माणसाकडून ऑडिट, आणि सही करणारे दोघं एकाच घरातले नकोत. यात पाळकांवर संशय घेण्याचा प्रश्नच नाही, उलट उद्या कोणी बोट दाखवलं तर हीच व्यवस्था त्यांच्या पाठीशी उभी राहते. मोठी वर्गणी यरुशलेमला पोचवताना प्रेषित पौलानेही आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक विश्वासी भाऊ घेतला, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून (२ करिंथ ८).

खर्च ठरवताना लूक १४ मधला बुरूज बांधायचा येशूचा दाखला आठवा, आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायचा. मी एका सेवाकार्याच्या कमिटीवर होतो तेव्हा आम्हाला व्हॅन दान मिळाली, पण ड्रायव्हर, डिझेल, इन्शुरन्स कुठून आणायचा हे आम्ही कोणी विचारलंच नाही, वर्षभरात टायर बसले आणि काचेवरच्या धुळीत मुलांनी बोटाने नावं लिहिली होती. देणाऱ्या ताईंनी एकदा ती पाहिली, काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून एकदाच आलेल्या पैशातून दर महिन्याचे खर्च, विशेषतः पगार, सुरू करू नका. आधी कर्ज असेल ते फेडा, थोडं राखून ठेवा, मग नवं काम.

अजून एक, मोठं दान आल्याचं कळलं की "आता मंडळीकडे भरपूर आहे" म्हणून नेहमीचं अर्पण कमी होतं, तेव्हा किती आलं, कशासाठी आलं आणि रोजचे खर्च कशातून चालतात हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. देणाऱ्याचं नाव मात्र त्याची परवानगी असेल तरच घ्या. सहा महिन्यांनी त्याला हिशोबाचा कागद आणि कामाचे फोटो पाठवा, आणि तोच कागद मंडळीच्या नोटीस बोर्डवरही लावा.