जात वैधता: अकरावीतच आजोबांची नोंद शोधायला घ्या

सीईटीत चांगले गुण पडूनही राखीव जागा हातची जाते, ती बऱ्याचदा जात वैधता प्रमाणपत्र या एका कागदापायी. प्रांत कार्यालयातून मिळतो तो जातीचा दाखला. जिल्हा जात पडताळणी समिती पुरावे तपासून देते ती वैधता. हा फरक सोलापुरातल्या कितीतरी घरांत ऐन प्रवेशाच्या वेळी कळतो आणि तोवर उशीर झालेला असतो. इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल असं काही डोक्यात असेल तर अकरावीतच कामाला लागा.

खरी मेहनत पुरावा शोधण्यात आहे. वडिलांकडच्या नात्यातली जातीची नोंद मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीची लागते: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इमाव (इतर मागासवर्ग, ओबीसी) आणि विशेष मागास प्रवर्गासाठी (एसबीसी) 13 ऑक्टोबर 1967. आजोबा, चुलत आजोबा, वडिलांची आत्या, यांतलं जे कोणी शाळेत गेलं असेल त्याचा जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा काढा. कोणीच गेलं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, मागा. नोंद मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांनी विशेष सावध राहावं. आजोबांच्या नोंदीत ‘साळी’, वडिलांच्या दाखल्यावर ‘पद्मशाली’. दोन्ही नावं विशेष मागास प्रवर्गातच आहेत, तरी दाखला आणि पुरावा जुळला नाही की त्रुटी निघते. तेलंगणातून आलेल्या कुटुंबाला 1967 पूर्वीचं इथलं वास्तव्यही दाखवावं लागतं. तिकडचा दाखला इथे चालत नाही. आजोबा गिरणीत असतील तर त्यांची जुनी कागदपत्रं रद्दीत घालू नका. सेटलमेंटमधल्या, म्हणजे इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ठेवलं त्या वसाहतीतल्या, घरांचंही तेच. ज्या माणसांना गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरी द्यावी लागली, त्यांच्या नातवंडांचा हक्क एका उताऱ्यासाठी अडू नये.

रजिस्टरवर जातीच्या रकान्यात वेगळी शाई किंवा खाडाखोड दिसली तर प्रकरण समितीच्या दक्षता पथकाकडे चौकशीला जाऊ शकतं. म्हणून उतारा घेताना मूळ पान डोळ्यांनी बघा. सख्ख्या काकांना किंवा चुलत भावाला वैधता मिळालेली असेल तर ती आधी जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. मात्र वंशावळीच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना 3 मध्ये, ज्यांचा पुरावा जोडलाय ती सगळी नावं आलीच पाहिजेत. अर्जातली माहिती खरी असल्याचं नमुना 17 चं शपथपत्र वेगळं.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्यांना नॉन क्रिमिलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्रही लागतं. त्याची मुदत प्रवेश घ्याल त्याच्या पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत आहे ना, ते तारीख वाचून खात्री करा.

अर्ज ऑनलाइन भरून झाल्यावर कॉलेजच्या पत्रासह प्रत समितीत जमा करायची. आणि अर्जात मोबाइल नंबर स्वतःचाच घाला. नेट कॅफेवाल्याचा नंबर पडला तर त्रुटीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि घरी महिनोन् महिने पत्ता लागत नाही.