घरातली जुनी बंदूक ओळखायची, किंमत काढायची? आधी नळी बघा

पिढीजात लष्करी ठासणीची (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक कुठली, कधीची, किती किमतीची हे काढायचंय ना, तर पहिलं काम नळी भरलेली आहे का ते बघा. शिक्के, फोटो सगळं नंतर. मी हेच विसरलो होतो. आठवडाभर टेबलावर ठेवून मापं घेतली, घोडा चारदा ओढला, पुतण्याच्या हातात देऊन फोटोही काढला, आणि शेवटी जाणकाराने नळीत काठी घातली तर ती बुडाच्या दोन इंच आधीच अडली. आत गोळी आणि दारू तशीच होती. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. पुतण्याचा तो फोटो मला आजही बघवत नाही.

तर असं करा. नळीचं तोंड माणसांपासून लांब, आपण बाजूला, घोड्याला हात नाही, टोपीची बंदूक (छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणारी) असेल तर निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या बारीक नळकांड्यावर, टोपी बसलेली नाही ना ते फक्त बघा, मग लाकडी काठी (लोखंडी गज नको) हलकेच अडेपर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि काठी बाहेरून नळीवर धरून बघा. टोक रंजकाच्या भोकापाशी (नळीच्या बुडाजवळ, जिथून आग आत जाते) किंवा निपलपाशी पोचलं तर रिकामी. एक-दोन इंच कमी पडलं तर आत काहीतरी आहे, उकरायला जाऊ नका, ठासणीच्या बंदुकांचा कारागीर गाठा. "आजोबा म्हणायचे रिकामीच आहे" हे उत्तर नाही.

केलंत? नसेल तर इथेच थांबा.

आता ओळख. चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) की टोपीची बघा, आणि चकमकीची नंतर टोपीची करून घेतलेली असू शकते, तेव्हा भोक बुजवल्याच्या खुणा शोधा. नळीची लांबी आणि तोंडाचा व्यास मोजा: ब्रिटिश ब्राउन बेस साधारण ०.७५ इंच, फ्रेंच शार्लव्हिल ०.६९, एनफिल्ड १८५३ म्हणजे ०.५७७ आणि आत आटे (पीळदार खाचा). ब्राउन बेसमध्येही लाँग लँड प्रकाराची नळी ४६ इंच, इंडिया पॅटर्नची ३९. घोडा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर मुकुट, 'टॉवर', ईस्ट इंडिया कंपनीची खूण असलं काही असेल तर तिरप्या उजेडात फोटो घ्या. पट्टीवरचं साल हे मॉडेलचं साल नसतं, १८५३ च्या एनफिल्डवर १८५८ सापडतं. दस्त्यावरचे पलटणीचे आकडेही टिपा.

पॉलिश, सँडपेपर अजिबात नको. शिक्के पुसले की किंमत गेली.

किमतीसाठी लोकांनी मागितलेले नाही, लिलावात प्रत्यक्ष मिळालेले भाव बघा. सुटे भाग बदललेत का, नक्कल तर नाही ना, संगीन सोबत आहे का, यावर बराच फरक पडतो. ज्याला विकत घ्यायचीय त्याच्याकडून किंमत काढू नका. लायसन्सचा नियम आपापल्या ठिकाणचा बघा, कागद, जुने फोटो जोडा.

आणि दाखवायला न्यायच्या आधी परत एकदा काठी घाला.