न्यूरोफीडबॅक करताना नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळा

न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी स्क्रीनवर दाखवून, हव्या तशा आल्या की बक्षीस देऊन, त्या बदलायला शिकवणं. मानसोपचाराच्या पोस्टिंगला आलेल्या मुलींना त्याबद्दल विचारलं की थीटा लहरी ४ ते ८ हर्ट्झ, अल्फा ८ ते १२, सगळं धडाधड येतं. मग त्या लहरी टिपणारा, डोक्यावर लावायचा इलेक्ट्रोड हातात दिला की हात अडतो.

अडतो तो बहुतेकदा तेलाशी. आई मुलाला दवाखान्यात आणते ती चापूनचोपून तेल लावून. त्यावर इलेक्ट्रोडची पेस्ट कितीही थापा, इंपिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, उतरत नाही. तो ५ किलोओहमच्या खाली हवा. अपॉइंटमेंट देतानाच सांगा: आदल्या रात्री शाम्पूने न्हाणं, सकाळी तेल नाही. केस बाजूला करून त्वचा प्रेप जेलने (त्वचा साफ करायच्या जेलने) हलकी घासा आणि मगच इलेक्ट्रोड बसवा. पेस्ट बोटभर नको. शेजारच्या इलेक्ट्रोडच्या पेस्टला जाऊन मिळाली की दोघांत फरकच उरत नाही.

सीझेडची (Cz, डोक्याच्या मधोमधचा इलेक्ट्रोड) जागा अंदाजाने टाळूवर धरू नका. नाकाच्या मुळाच्या खळग्यापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा, निम्म्यावर खूण करा. मग एका कानापुढच्या खळग्यापासून दुसऱ्यापर्यंत तसंच. दोन्ही निम्मे जुळतात तिथे सीझेड.

आता सगळ्यात फसवी चूक. स्क्रीनवर बीटा, म्हणजे वेगवान लहरींचा आकडा, चढतो, बक्षीस म्हणून गेममधली गाडी पळते, विद्यार्थिनी खूश. माझ्यासमोर एकदा असंच झालं, आणि मुलगा बघितला तर दात आवळून बसलेला! जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल बीटाच्या पट्ट्यात घुसतो. आपण मेंदूऐवजी दात आवळायला बक्षीस देत होतो. ओठ किंचित विलग, जीभ सैल ठेवायला सांगा. बीटाची रेष लगेच खाली बसली तर ओळखा, तो स्नायूंचाच सिग्नल होता. कपाळाजवळ पापणी मिटण्याची मोठी संथ लाट थीटा वाढल्यासारखी दिसते. सगळीकडे सारखी दाट गुणगुण असेल तर ती ५० हर्ट्झची, विजेची. आधी शेजारचा मोबाइल चार्जर काढा. नजर मॉनिटरवर कमी, पेशंटच्या चेहऱ्यावर जास्त हवी.

"सिस्टर, गोळी बंद होईल ना?" असं आई विचारते. याला "हो काकू" म्हणून मोकळं होऊ नका. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) मुलांवरच्या मोठ्या डबल-ब्लाइंड चाचणीचे (कोणाला खरं, कोणाला खोटं प्रशिक्षण हे मुलांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नसतं) निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. त्यात खरं प्रशिक्षण घेतलेली मुलं सुधारली, तशीच नुसतं दिसायला तसं, खोटं प्रशिक्षण घेतलेलीही. फरक सिद्ध झाला नाही. गोळीचं डॉक्टर ठरवतील, तोवर चालू ठेवा, एवढंच सांगा.

नोंदवहीत नुसतं 'सेशन झालं' लिहू नका. रात्रीची झोप, चहा-कॉफी, गोळी किती वाजता घेतली, सेशननंतर डोकं दुखलं का, हे त्याच दिवशी लिहा. पुढच्या वेळी आकडे वेगळे आले तर आधी हीच पानं उलटावी लागतात.